मागची खुर्ची

फुकट ते पौष्टिक, असं आपण हसत हसत म्हणतो. शिंपीदादा ते शब्दशः पाळायचे. गावातलं छोटं साप्ताहिक त्यांच्या दुकानात फुकट यायचं आणि मथळे वाचून होतात न होतात तोच त्यातून कॉलर-बाह्यांचे नमुने कापले जायचे. "कागद मात्र झकास हो!" एवढंच काय ते कौतुक.

साप्ताहिक परदेशी मदतीवर चालायचं. तिकडे सरकार बदललं आणि मदत एका फटक्यात बंद झाली. शेवटच्या अंकात संपादकबाईंनी वर्गणीसाठी वाचकांपुढे हात जोडले.

"इतके दिवस आमची आठवण नव्हती वाटतं!" असं म्हणत शिंपीदादांनी त्याच पानाची बाही कापली.

काही महिन्यांनी दुकानावर नोटीस लागली. दुकानांची सगळी रांग पाडून तिथे पार्किंग होणार होतं. दादांच्या पायाखालची जमीनच सरकली. ते तडक बाईंच्या घरी गेले. बाई आता शिकवण्या घेत होत्या.

"बाई, एवढा मोठा निर्णय झाला आणि आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही?"

"कोण सांगणार दादा? नगरपालिकेच्या प्रत्येक सभेला मी मागच्या खुर्चीवर बसायचे. नुसती लिहून घ्यायचे, तरी मंडळी जपून बोलायची. आता ती खुर्ची रिकामी असते. विषय आला आणि मंजूर झाला."

"त्या परदेशवाल्यांनी ऐन वेळी हात वर केले ना!"

"केले, आणि वाईटच केलं. पण त्यांनी निदान इतकी वर्षं दिलं. ज्यांच्यासाठी पेपर होता, त्यांनी काय दिलं? मदत बंद झाल्यावर हा पार्किंगचा कंत्राटदार मला जाहिराती देऊ करत होता. त्या घेतल्या असत्या, तर तुमची बातमी छापता आली असती का?"

दादांना ती बाही आठवली. मान आपोआप खाली गेली.

"चुकलो, बाई! पेपर आमचा होता आणि आम्ही त्याला परका समजलो!"

दुसऱ्या दिवशी दादा दुकानादुकानांत वर्गणी मागत फिरले. कुणी तोंड वाकडं केलं, बऱ्याच जणांनी दिली. शिंपीदादांचं कापायचं टेबल संध्याकाळी साप्ताहिकाचं कार्यालय झालं.

नगरपालिकेच्या पुढच्या सभेत अध्यक्षांची नजर मागच्या खुर्चीकडे गेली. तिथे बाई वही उघडून बसल्या होत्या. ते खाकरले. "पार्किंगच्या विषयावर... फेरविचार करू. आधी दुकानदारांचं म्हणणं ऐकून घेऊ."

दुकान वाचेल की नाही, अजून नक्की नाही. पण निर्णय आता सगळ्यांसमोर होईल. मंडळी, परक्याच्या तेलावर आपल्या घरातला दिवा किती दिवस जळणार? खरी बातमी हवी असेल, तर तिचा भार आपणच उचलायला हवा.

शिंपीदादा आता अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. मगच कात्री घेतात.