बैठकीच्या खोलीतला ट्रक आणि मी

मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. दुरुस्तीच्या दुकानात मला एसएमपीएस म्हणतात आणि ज्यांना यातलं काही कळत नाही ते ‘मागचा पंख्याचा डबा’ म्हणतात. मला दोन्ही चालतं. मित्रांनो, कॉम्प्युटर सुरू केला की तुम्ही पडदा बघता, गेम बघता. मागे कोपऱ्यात बसून भिंतीतली वीज घेणारा आणि ज्याला जेवढी झेपेल तेवढीच वाढणारा कुणाला दिसत नाही. पण मी रुसत नाही. रुसायला सवड कुठे आहे, मी सारखा काळजीत असतो.

काळजी हा माझा स्वभावच. सगळ्यांच्या पानात वाढून झालं तरी ‘याला पुरलं का, त्याला जास्त तर झालं नाही ना’ असं करत स्वयंपाकघराच्या दारात घुटमळणारं माणूस प्रत्येक घरात असतं. मी त्यातला. कॉम्प्युटरमध्ये कुणाला पाच व्होल्ट लागतात, कुणाला बारा. पाचवाल्याच्या तोंडी चुकून बारा गेले, तर तो तिथल्या तिथे संपतो. म्हणून मला डोळ्यांत तेल घालून वाढावं लागतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याचा डबा, आत तांब्याच्या तारांची वेटोळी, मागे जाळी आणि जाळीआड पंखा. बाहेर पाठवण्याआधी आम्हा सगळ्यांना एका रांगेत ठेवून पूर्ण भार टाकून तापवलं. माझ्या शेजारच्यातून धूर निघाला. त्याला उचलून बाजूला केलं आणि तो पुन्हा कधी दिसला नाही. तेव्हापासून धुराचं नाव काढलं तरी माझा पंखा जोरात फिरायला लागतो.

मग मी एका फोटो स्टुडिओत नोकरीला लागलो. तिथे बरीच वर्षं टेबलाखाली काढली. एकदा विजेचा असा काही लपंडाव झाला, की त्या गल्लीतली निम्मी यंत्रं झोपली. आमचा कॉम्प्युटर मात्र उठला. फोटोग्राफर म्हणाला, “आतला सप्लाय दणकट दिसतोय.” आयुष्यात मिळालेली ही माझी पहिली शाबासकी, आणि तीही अंदाजपंचे. त्यानंतर कुणी मला उघडून पाहिलं नाही. पंख्यावर धुळीची घोंगडी चढली, श्वास कोंडायला लागला. शेवटी स्टुडिओत नवा कॉम्प्युटर आला आणि मी दुरुस्तीच्या दुकानातल्या खोक्यात जाऊन पडलो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. माझ्या काही वायरी माझ्या पोटातूनच निघतात, पण काही केबली सुट्ट्या आहेत. लागल्या तर खोचायच्या, नाही तर काढून ठेवायच्या. दुकानदाराने माझ्या सुट्ट्या केबली काढून ड्रॉवरमध्ये टाकल्या. त्या ड्रॉवरमध्ये साऱ्या गावाच्या केबली होत्या. आता यातल्या आपल्या कुठल्या हे कोण सांगणार, या विचाराने मला घोर लागला. आणि पुढे झालंही तसंच.

एक दिवस एक मुलगी दुकानात आली. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. तिला कमी खर्चात एक गेमिंग कॉम्प्युटर जुळवायचा होता. स्वतःसाठी नाही, काकांसाठी. दुकानदाराने मला वर काढलं, फुंकर मारली आणि म्हणाला, “जुना आहे, पण इमानी आहे.” तिने मला घरी नेलं. काचा पुसायच्या मऊ ब्रशने माझी जाळी, पंखा, कोपरान्‌कोपरा साफ केला. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला म्हणून सांगू!

तिचे काका ट्रक ड्रायव्हर होते. उभा जन्म रस्त्यावर गेला. मग छातीत दुखायला लागलं, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, की यापुढे अवजड गाडी चालवायची नाही. काका घरी आले ते बैठकीच्या खोलीतल्या खुर्चीत बसले. खुर्चीची पाठ टीव्हीकडे आणि तोंड भिंतीकडे. दिवसभरात त्यांच्या तोंडून तीनच शब्द निघायचे. ‘हं’, ‘नको’ आणि ‘असू दे’. काकू दोन घास जास्त खा म्हणून विनवायच्या, तर ‘नको’. फिरायला चला म्हणायच्या, तर ‘असू दे’. माणूस डोळ्यांसमोर विझत चाललंय, असं काकू स्वयंपाकघरात पुतणीला सांगायच्या आणि पदराने डोळे टिपायच्या.

पुतणीच्या डोक्यात आलं, की ट्रक चालवायचा गेम मिळतो, जुनं स्टिअरिंग मिळतं, टीव्ही घरात आहेच. काकूंनी ऐकलं मात्र, हात कमरेवर ठेवले. अर्ध्या संसारात ट्रकच माझी सवत होती, आता तिला घरातच आणून बसवतेस का, म्हणाल्या. पण ‘आण’ असंही त्याच म्हणाल्या.

काका मात्र ‘नको’वर अडून होते. तेव्हा पुतणीने कपाटातल्या डिस्कचा विषय काढला. काकांच्या ट्रकच्या काचेवर मालकाने कॅमेरा लावला होता. काम सुटलं त्या दिवशी मालकाने त्यांना एक हार्ड डिस्क दिली. त्यांच्या कितीतरी फेऱ्यांचं चित्रण त्यात होतं. पुढे मालकाने धंदाच गुंडाळला, त्यामुळे दुसरी प्रत कुठेही नव्हती. घरात चालणारा कॉम्प्युटर नव्हता, म्हणून डिस्क टॉवेलांच्या घडीखाली पडून राहिली होती. ती या कॉम्प्युटरला लावता येईल, असं पुतणी म्हणाली. काकांनी भिंतीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

“ते रस्ते दिसतील?” त्यांनी विचारलं.

काकूंच्या हातातला पेला तसाच राहिला. कित्येक दिवसांत काकांनी स्वतःहून काही विचारलं नव्हतं. मित्रांनो, सगळं त्या एका प्रश्नावर येऊन ठेपलं होतं. रस्ते दिसले, तर माणूस खुर्ची वळवेल. नाही दिसले, तर पुन्हा कुणी त्यांना काही विचारायला धजणार नाही.

मग जुळवाजुळव सुरू झाली. बोर्ड एका ऑफिसातला, कॅबिनेट भंगारातून निवडलेलं, स्टिअरिंग कुणाच्या तरी माळ्यावरचं. गेमची चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड मात्र अंगापिंडाने असं दांडगं, की त्याची भूक ऐकूनच मी हबकलो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो हाच. आम्हाला टीव्हीखालच्या कप्प्यात बसवायचं ठरलं. हा काळा डबा पाहुण्यांना दिसायला नको म्हणून काकू लगेच भरतकामाचा रुमाल घेऊन आल्या आणि नेमका माझ्या जाळीवर टाकला. माझा जीव घाबरा झाला. पुतणीने रुमाल उचलला आणि त्यांना समजावलं, की याला वारा लागतो. काकूंना पटलं नाही. त्यांनी रुमालाची घडी घालून शेजारी ठेवली, मी त्या घडीवर नजर ठेवून होतो.

रविवारी दुपारी सगळं जोडून झालं. राहिली ती काकांची डिस्क. तिला वीज द्यायची, तर माझी सुट्टी केबल हवी. आणि ती त्या दुकानातल्या ड्रॉवरमध्ये! दुकान रविवारी बंद. पुतणीने थोडा विचार केला आणि पिशवीतून एक केबल काढली. तिचा स्वतःचा कॉम्प्युटर मागेच सप्लाय जळून बंद पडला होता, त्या सप्लायची ही केबल. एक टोक डिस्कमध्ये घातलं, दुसरं माझ्यात. टक्‌ आवाज झाला. अगदी घट्ट बसली. कशी बसली बघ, म्हणून ती खूष झाली.

मी गार पडलो. केबलचं तोंड माझ्या तोंडासारखंच होतं, पण आतल्या वायरींचा क्रम माझा नव्हता. जिथे मी बारा व्होल्ट वाढतो, तिथे त्या केबलमधली पाच व्होल्टची वायर आली होती. बटण दाबताच मी इमानाने माझं काम करणार होतो आणि माझ्याच हातून ती डिस्क जळणार होती. काही बिघडलं तर मी आपोआप बंद होतो खरा. पण घर जळून गेल्यावर विहीर खणून काय उपयोग?

ओरडायला मला तोंड नाही. हलायला हातपाय नाहीत. पुतणीने भिंतीतलं बटण दाबलं. आता कॅबिनेटवरचं एक बटण तेवढं बाकी होतं. काकूंनी काकांची खुर्ची टीव्हीकडे वळवली, आणि काकांनी ती वळवू दिली. देवा, याच दिवशी का, असं मला झालं. पुतणीचं बोट त्या बटणावर आलं.

पडद्यावरचं वाचायला हवं म्हणून काकांनी चाचपडत कप्प्यावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. तो काकूंचा होता. या घरात हे रोजचंच.

“काका, तो काकूचा आहे. काढा बघू,” पुतणी बोट न उचलता म्हणाली.

“बसतोय की नीट.”

“नाकावर बसला म्हणून तुमचा होतो का? फ्रेम बसते हो, आतला नंबर वेगळा आहे. दुकानात दिवसभर मी लोकांना हेच सांगते.”

बोलता बोलता तिची मान वळली. तिने डिस्ककडे पाहिलं, मग माझ्यात खोचलेल्या केबलकडे पाहिलं. बोट बटणावरून हळूच निघालं. तिने भिंतीतला प्लगच उपटला. मग मोबाइलवर काहीतरी शोधून वाचत राहिली आणि वाचता वाचता तिच्या कपाळावर घाम आला.

काकांचा चेहरा पडला. “नाही होत ना? असू दे,” म्हणाले आणि खुर्ची वळवायला दोन्ही हात टेकले. डिस्क वाचली होती, पण माणूस हातचा जात होता.

पुतणीने खुर्चीचा हात धरला. उगाच बनवाबनवी केली नाही. “काका, माझं चुकत होतं. ही केबल दुसऱ्या सप्लायची आहे. आत्ता चालू केलं असतं तर तुमचे रस्ते जळाले असते. याची स्वतःची केबल उद्या दुकानातून आणावी लागेल.”

काकांनी खुर्चीवर टेकलेले हात उचलले. मग त्यांनी काकूंचा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“मग घाई कशाला करतेस, पोरी? गाडी उभी राहिली तर उद्या निघते. जळल्यावर कुठे निघते?” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, जसं काही रोजच बोलतात तसं, “उद्या मीपण येतो.”

काकू पदराचं टोक हातात धरून लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या. त्या कशासाठी गेल्या ते सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी पुतणीने मला कॅबिनेटमधून सोडवलं, कारण केबल माझ्याशी ताडून बघायची होती. रिक्षात मी काकांच्या मांडीवर होतो. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं होतं. खड्डा आला, की ते मला उचलून धरायचे. रिक्षावाल्याला मागून ‘गिअर बदल, गिअर बदल’ असं पुटपुटतही होते. दुकानदाराने ड्रॉवर उपडा केला. त्या गुंत्यातून माझ्या कंपनीची, माझ्याच जातीची केबल निघाली. त्याने मला चालू करून मीटरने एकेक वायर तपासली. पाचच्या जागी पाच, बाराच्या जागी बारा. काकांनी ‘पुन्हा एकदा बघा’ म्हटलं आणि त्याने पुन्हा बघितलं. माझ्यासारखं काळजी करणारं आणखी कुणी आहे, हे बघून मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी पुतणीने कॅबिनेटवरचं बटण दाबलं. मी जपून, अगदी जपून वीज वाढली. डिस्क घरघरली आणि फिरायला लागली. टीव्हीवर एक रस्ता उलगडला. धुळकट काच, पुढे लांबच लांब डांबर, कडेला विजेचे खांब.

काका पुढे सरकले. “आता उतार आहे,” म्हणाले, आणि उतार आला. “डावीकडे पूल लागेल.” पूल लागला. काकू मागे उभ्या राहून बघत होत्या. ज्या रस्त्यांपायी त्यांनी इतक्या रात्री वाट पाहिली, ते रस्ते त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. हळूहळू काका बोलायचे थांबले. डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मी पुन्हा धास्तावलो. छातीचं ऑपरेशन झालेल्या माणसाला हे दाखवायला नकोच होतं, परत भिंतीकडे तोंड करून बसले तर काय करायचं? पुतणीलाही तसंच वाटलं असावं. “बंद करू का, काका?” तिने विचारलं.

काकांनी नाक ओढलं, बाह्या वर सरकवल्या आणि टेबलावरच्या स्टिअरिंगकडे बोट दाखवलं.

“बघून झालं. आता चालवू दे.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी बैठकीच्या खोलीतून एक ट्रक निघतो. काकू शेजारी बसून ‘सावकाश हो’ म्हणतात आणि काका ‘तू रस्त्यावर नको बोलूस’ म्हणतात. जेवणही दोन घास जास्त जातं. ते दांडगं कार्ड भूक भूक करतं आणि मी मागे बसून वाढत असतो. वय झालंय माझं. पंखा मधूनच कुरकुरतो. कुठली वेळ शेवटची ठरेल सांगता येत नाही.

म्हणून मित्रांनो, हात जोडून एक सांगतो. तुमच्याही घरात कोपऱ्यात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्या जाळीवरची धूळ अधूनमधून पुसा, त्याला रुमालाखाली कोंडू नका. कुठलीही वायर नुसती बसली म्हणून त्याच्यावर लादू नका, आधी कुणाला तरी विचारा. आम्ही कुणासाठी धडधडतोय ते पुढून बघणाऱ्याला दिसत नाही. आत्ता या क्षणी काकांनी भरलेला ट्रक घाटात घातलाय, आणि ते वर पोचेपर्यंत मला बंद पडायचं नाही.