तेराव्या ओळीतली चौथी

सप्टेंबरातल्या त्या सकाळी रोमानाला एक मरण हवं होतं. फार मोठं नव्हे, यीस्टच्या एका वंशाचं, ओळीतल्या एका ठिपक्याएवढं.

ती टेकडी चढत होती. खाली डॅन्यूबवर धुकं साचलं होतं आणि नदीपलीकडची घरं त्यात अर्धी बुडाली होती. रस्त्याकडेला राचा भागातल्या द्राक्षमळेवाल्यांनी ताज्या बुर्चाकच्या बाटल्या मांडल्या होत्या. द्राक्षांचा रस अजून आंबतच असल्यामुळे बाटल्यांची बुचं सैल ठेवलेली, आणि प्रत्येक बाटलीतून बारीक फसफस ऐकू येत होती. तिला वाटलं, त्या प्रत्येक बाटलीत कोट्यवधी पेशींना कळ्या फुटताहेत, आणि कुणालाच त्याची फिकीर नाही.

तिला मात्र दोन वर्षं दुसरी फिकीर नव्हती. यीस्टच्या पेशीला आधी एक बारीक कळी फुटते. कळी फुगते, मायएवढी होत येते, मग लेक सुटी होते. रोमानाच्या वाणात एक दोष होता. पंचवीस अंशांवर सगळं सुरळीत चाले, पण सदतीस अंशांवर ठेवलं की माय आणि लेक शेवटच्या पायरीवर थबकत. सगळी वाटणी झालेली, तरी एकमेकींना चिकटलेल्या, आणि तशाच मरत. वसंतात मात्र अशा मेलेल्या लाखोंच्या गर्दीत उबेतल्या डिशवर एक पांढरा ठिपका उगवला. एक वंश जगला होता.

का जगला? दोनच शक्यता होत्या. एक म्हणजे जुना दोष आपसूक दुरुस्त झाला असेल. मग त्यात नवं काही नाही, सगळ्या डिश उकळून टाकायच्या. किंवा दोष आत तसाच असेल आणि त्याच्यावर दुसऱ्या कुठल्या बदलाने पांघरूण घातलं असेल. तो बदल जगात कुणी पाहिला नव्हता.

हे ओळखायला तिने त्या वंशाचा निरोगी वाणाशी संकर केला होता. अशा संकरातून चार बीजाणूंची एकेक पिशवी मिळते. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या सुईने पिशवीतले चौघे वेगळे करायचे आणि एका ओळीत लावायचे. दोष आत लपलेला असेल, तर कधीतरी एखाद्या पोराच्या वाट्याला दोष येईल आणि पांघरूण येणार नाही. ते पोर उबेत मरेल. दोष दुरुस्तच झाला असेल, तर सगळी पोरं सदासर्वदा जगतील.

अठरा पिशव्या सोडवायला तिला सहा दुपारी लागल्या. सुई धरली की खोली विरघळायची. सुईच्या टोकाने पिशवीला हलकेच टोकरायचं, टेबलावर बोटाने टिचकी मारायची, आणि चौघे पाण्यातल्या शेवाळासारखे एकमेकांपासून अलगद सरकायचे. एकेकाला उचलून आपल्या जागी ठेवायचं. चौथा ठेवून मान वर केली की उन्हाचा पट्टा भिंतीवरून कपाटावर गेलेला असायचा.

प्रयोगशाळेचे प्रमुख, सहप्राध्यापक बेनेडिक, यांनी सोमवारपर्यंत मुदत दिली होती. "तोवर एकही मेलं नाही, तर हा विषय बंद," ते म्हणाले होते. "मला दुसऱ्या कामावर माणूस हवाय, आणि तुझं आयुष्य काही यीस्टएवढं स्वस्त नाही." आज शुक्रवार होता.

रोमानाने इनक्युबेटरमधून उबेतली डिश काढून खिडकीशी धरली. पहिल्या ओळीत चार ठिपके, दुसरीत चार. बारावीपर्यंत चारच. तेरावीत तीन.

"एतेलाबाई! या, लवकर या!"

एतेलाबाई हात पुसत आल्या. तीस वर्षं इथल्या डिश ओतणाऱ्या, काचेच्या सुया वितळवून ओढणाऱ्या आणि मखमलीचे चौकोन कापून धुणाऱ्या बाई. "काय गं, आग लागली का?"

"मेली! तेराव्या ओळीतली चौथी मेली!"

"देव तिचं भलं करो," बाई म्हणाल्या. चष्मा कपाळावर सारून त्यांनी डिश डोळ्यांजवळ नेली. "आणि या चांडाळचौकडीतली ही चौथी गारव्यात जिवंत आहे ना?"

रोमानाने पंचवीस अंशांवरची डिश पुढे केली. तेराव्या ओळीत चौथ्या जागी ठिपका होता, पण अगदी पुसट, खडूवर फुंकर मारल्यासारखा.

बाईंनी दोन्ही डिश शेजारी शेजारी धरल्या. मग म्हणाल्या, "आधी कुठली उमटवलीस?"

ठिपक्यांच्या मूळ डिशवर मखमल दाबायची आणि मग त्याच मखमलीवर नव्या डिश एकामागून एक टेकवायच्या, अशी ती रीत. मखमलीच्या लवेला चिकटलेल्या पेशी दर खेपेला कमी होतात. म्हणून आधी उबेची डिश टेकवायची आणि गारव्याची शेवटी. शेवटच्या डिशवर पेशी उगवल्या, म्हणजे आधीच्या डिशवर त्या पोचल्या होत्याच याची खात्री. पहिल्या आठवड्यातच शिकवतात हे. रोमानानेही दोन वर्षांत किती जणांना शिकवलं होतं.

"गारव्याची," ती म्हणाली. तिचे कान तापले. "घाईत होते. गारव्याची आधी टेकवली."

बाईंनी वापरलेल्या चौकोनांच्या टोपलीतून मखमल काढली आणि उजेडात धरली. एका कोपऱ्यात लव झिजून टक्कल पडलं होतं. बरोबर तिथेच, जिथे तेरावी ओळ संपत होती.

"म्हणजे ती मेली की उबेपर्यंत पोचलीच नाही, देवाला ठाऊक," बाई म्हणाल्या. "आणि हा चौकोन मीच टाकायला हवा होता गं. माझंही चुकलं."

आरडाओरडा ऐकून बेनेडिक दारात आले होते. त्यांच्या हातात कॉफी होती आणि मिशीवर तिचा फेस. त्यांनी दोन्ही डिश पाहिल्या, मखमल पाहिली.

"सतरा ओळी धडधाकट," ते म्हणाले, "आणि उरलेल्या एकीतला साक्षीदार रस्त्यात हरवला. रोमाना, अशा पुराव्यावर मी शेजाऱ्याची कोंबडीसुद्धा चोर ठरवणार नाही."

"मूळ डिश शीतकपाटात आहे, सर. चौथीची वसाहत, तो मूळ ठिपका, तिथे आहे अजून. मखमल नको, सरळ काडीने उचलते."

"आणि सोमवारी काय सांगशील?"

"सोमवारी कशाला? उद्याच सांगते. मेली की नाही ते बघायला तीन दिवस लागतात. थांबली की नाही ते बघायला चार तास पुरतात."

बेनेडिकनी भुवई उचलली. "हं," म्हणाले, "हे मात्र बरोबर आहे," आणि कॉफी घेऊन निघून गेले.

संध्याकाळी तिने त्या वसाहतीतल्या चिमूटभर पेशी पोषक द्रवात सोडल्या. शनिवारी सकाळी द्रव ताकासारखा गढूळ झाला होता. तिने त्याचे दोन भाग केले. एक गारव्यात ठेवला, एक सदतीसवर. दहा वाजले होते.

"आता त्या काचेला नाक लावून उभी राहू नकोस," एतेलाबाई म्हणाल्या. शनिवार असूनही त्या आल्या होत्या, आणि का आल्या ते त्यांनी सांगितलं नव्हतं. "तू बघितलंस म्हणून त्या लवकर थांबणार नाहीत. चल."

मागच्या अंगणात आलुबुखाऱ्याचं झाड होतं. बाईंनी पावावर डुकराची चरबी आणि कांदा लावून आणला होता, सोबत बुर्चाकची बाटली. "नवऱ्याने दिलीय. म्हणतो, तुमच्या यीस्टला शिक्षण दिलं तरी पिता येत नाही, आमची अडाणी बरी. पण हे वर न्यायचं नाही हां, प्यायल्यावर हात कोपरापर्यंत धुवायचे."

रोमाना पाठ टेकून बसली. बुर्चाक गोड होतं आणि जिभेवर टोचत होतं. पानांतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी गळत होतं, चार, चार, चार. तिच्या पापण्या जडावल्या. तिला वाटलं, वर त्या गरम द्रवात एकेक पेशी आपापल्या वाटेवर आहे. कुणाला नुकती कळी फुटलीय, कुणाची अर्धी झालीय, कुणी नुकती लेक सोडून मोकळी झालीय. दोष असेल तर त्या सगळ्या आपापल्या चालीने चालत येतील आणि एकाच उंबऱ्यावर थांबतील. मागून येणाऱ्या थांबतील, त्यांच्या मागच्या थांबतील. कुणी ढकलणार नाही, कुणी बोलणार नाही. उंबऱ्यावर नुसती दाटी होत जाईल. तिला त्या दाटीत स्वतःही उभं असल्यासारखं वाटलं. पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं, आणि दिसावं अशी घाईही वाटत नव्हती.

"दोन वाजले गं पोरी."

तिने हात धुतले, कोपरापर्यंत. आधी गारव्यातला थेंब पाहिला, कारण क्रम पुन्हा चुकवायचा नव्हता. तिथे सगळी जत्रा होती: एकट्या, बारीक कळीच्या, अर्ध्या कळीच्या, नुकत्या सुटलेल्या. मग उबेतला थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवलं.

धुक्यातून आकार वर आले. जोड्या. काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जोड्याच, प्रत्येक मायला चिकटलेली तिच्याएवढीच लेक. क्वचित एखादी एकटी. इतकी शांतता तिने काचेखाली कधी पाहिली नव्हती. दोष आत होता. वसंतापासून तो पांघरुणाखाली झोपून होता, आणि तेराव्या ओळीतल्या चौथीला पांघरूण मिळालं नव्हतं.

तिने बेनेडिकना घरी फोन केला. ते वीस मिनिटांत आले. बागकामाचे चिखलाचे बूट तसेच पायात होते. बराच वेळ ते काचेत पाहत राहिले.

"मोजल्यास?"

"नाही अजून."

"दोनशे मोज. मग वहीत लिही. तुझी मखमलीची चूकही लिही, लपवू नकोस." ते उठले आणि दारात थबकले. "सोमवारी नव्या पिशव्या सोडवायला घे. शंभर तरी. तो दुसरा बदल जुन्या दोषाच्या अगदी शेजारी बसलाय असं दिसतंय, म्हणून दोघं बहुधा एकत्रच पोरांकडे जातात, नाहीतर अठरा ओळींत एकच सापडली नसती. आणि त्या दुसऱ्या कामावर मी दुसरं कुणीतरी शोधतो."

दोनशेपैकी एकशे सत्त्याऐंशी जोड्या निघाल्या. तिने आकडा लिहिला, त्याखाली चूक लिहिली. मग उबेतल्या द्रवाचा एक थेंब गार पट्टीवर घेतला. हे वहीसाठी नव्हतं. गारवा मिळाला तर थांबलेल्या पुन्हा चालू लागतात का, एवढंच तिला पाहायचं होतं.

तिने एक जोडी निवडली आणि पाहत बसली. पाऊण तास काहीच झालं नाही. मग दोघींच्या मधली रेघ जराशी गडद झाली, जोडी किंचित वाकली, आणि लेक बाजूला सरकली.

"काय झालं?" मागून एतेलाबाईंनी विचारलं.

"सुटली."

"सरक की जरा," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "मलाही बघू दे."