मागच्या सीटवरचं घोरणं

तळावरची पोरं त्यांना आजोबा म्हणत. वय तसं फार नव्हतं, पन्नाशीला अजून अवकाश होता, डोक्यावर केसही शाबूत होते. पण लढाऊ विमानांच्या दुनियेत चाळिशी उलटलेला माणूस आजोबाच. अर्थात तोंडावर सगळे 'सर' म्हणायचे. शिकवताना ते मागच्या सीटवर बसत आणि गप्प राहत. त्यांचं गप्प राहणं हीच शाबासकी, असं शिकणाऱ्यांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. कारण चूक झाली की हेडफोनमधून असा काही तोंडाचा पट्टा सुटायचा, की कान दिवसभर गरम.

त्या सकाळी पुढच्या सीटवर चिमणी होती. अंगाने लहानखुरी, म्हणून चिमणी. तिची ही शेवटची परीक्षा. दुसरं एक विमान शत्रू होऊन समोर यायचं, आणि हिने त्याचा पाठलाग करून त्याला पेचात धरायचं.

आता अशा पाठलागातलं वळण म्हणजे काय, ते जरा सांगायला हवं. वेगातलं विमान एकदम वळलं की आतल्या माणसाचं वजन वाढतं. जमिनीवर आपण जेवढे जड असतो त्याला वैमानिक एक जी म्हणतात. चार जी म्हणजे आपल्याच अंगावर आपल्यासारखेच आणखी तिघे येऊन बसलेत. आठ जीला हात उचलत नाही, गाल हनुवटीखाली लोंबतात, डोक्यावरचं हेल्मेट धान्याच्या पोत्यासारखं मानेवर बसतं. आणि रक्त? तेही आठपट जड. ते पायांकडे पळू लागतं आणि डोकं कोरडं पडू लागतं. पायांना आवळणारा, हवेने फुगणारा सूट असतो, पण सगळी भिस्त त्याच्यावर नाही. मांड्या-पोटऱ्या दगडासारख्या आवळायच्या, छातीत श्वास कोंडायचा, झटकन थोडा सोडून झटकन पुन्हा घ्यायचा. पुस्तकात याला भारदस्त नाव आहे. मराठीत ते कुंथणंच.

म्हणून दोन सीटच्या विमानात एक रीत असते. ज्याच्या हातात विमान वळवायचा दांडा, त्याने ओढण्याआधी म्हणायचं, "ओढतो" किंवा "ओढते." मागच्याने श्वास भरून म्हणायचं, "ओढ." मगच वळायचं. ओढणाऱ्याला आपण ओढणार हे ठाऊक असतं, त्याचं अंग आधीच सावध होतं. मागच्याला कोण सांगणार?

चिमणीच्या डावीकडे ते विमान चमकलं. दिवसभर दबा धरून बसलेल्या मांजरीपुढून उंदीर जावा, तसं तिचं झालं. तिने श्वास कोंडला, पाय आवळले आणि दांडा ओढला. म्हणायचं ते राहून गेलं.

सगळं जग तिच्या अंगावर बसलं. आधी रंग गेले. निळं आकाश राखेचं झालं, समोरच्या काचेवरचे हिरवे आकडे पांढरे पडले. मग कडा गेल्या, आणि उरलं ते ताटाएवढं गोल. त्या गोलात शत्रूचं शेपूट. ती कुंथली, गोल मोठं झालं. पुन्हा कुंथली, शेपूट जवळ आलं. मागून अवाक्षर नाही. 'सर खूश आहेत,' तिच्या मनात आलं.

आणि मग हेडफोनमध्ये कोणीतरी घोरलं.

दमलेला माणूस जेवून आडवा होतो तेव्हा घोरतो, अगदी तसं. खोल, संथ, तृप्त. चिमणीला वाटलं, यंत्रात बिघाड. पुन्हा घोरणं. तिने दांडा सैल केला, विमान सरळ केलं.

"सर? सर!"

घोरणं थांबलं. मागच्या दांड्याला धक्का बसून तिच्या हातातलाही थडथडला, जणू झोपेतून दचकणाऱ्या पोराने हातपाय झाडले. थोडा वेळ नुसता श्वासाचा आवाज. आणि मग तोच ओळखीचा पट्टा, जरा जडावलेल्या जिभेने:

"का सोडलंस गं त्याला? तोंडाशी आलेला घास टाकतं का कोणी?"

चिमणी विमान घेऊन खाली आली.

शिडीवरून उतरताना आजोबा खुशीत होते. "पाठलाग मध्येच सोडलास, तेवढं एक. बाकी झकास. झालीस पास, जा, घरी फोन कर."

चिमणी शिडीला धरून उभी राहिली. फोन करायला हात शिवशिवत होते. गप्प बसलं तर सगळं मिळत होतं. पण या माणसाला ठाऊकच नव्हतं की मधला काही वेळ तो शुद्धीत नव्हता, आणि उद्या तो एकटाच उडायचा होता.

"सर, मी 'ओढते' म्हटलंच नाही. आणि तुम्ही... तुम्ही घोरत होता."

आजोबा थांबले. मग मोठ्याने हसले. "घरी बायको तेच म्हणते, आता तूही सुरू झालीस? अगं, मी टक्क जागा होतो. तुझं प्रत्येक वळण सांगतो, ऐक." आणि ते सांगू लागले. पहिलं वळण, दुसरं, शत्रू डावीकडे... आणि तिथून थेट सरळ उड्डाण. मधलं काही नाही. कापड फाटलं असतं तर दिसलं असतं. इथे दोन टोकं अशी जोडलेली, की शिवण शोधून सापडेना.

"कॅमेरा बघू या सर," चिमणी खाली मान घालून म्हणाली.

शिकवण्याच्या विमानात दोघांच्याही चेहऱ्यांसमोर छोटा कॅमेरा असतो. वैद्यकीय विभागातल्या अरुंद खोलीत डॉक्टरीणबाईंनी ते चित्रण पडद्यावर लावलं. आजोबा खुर्चीत ऐटीत बसले, एका पायावर दुसरा पाय टाकून.

पडद्यावर आजोबांचा चेहरा. डावीकडे पाहणारा, सावध. मग एकाएकी गाल ओघळले, पापण्या खाली ओढल्या गेल्या, आणि मान पुढे पडली. डोळे उघडेच होते. उघडे आणि रिकामे, घरातली माणसं बाहेरगावी गेलेल्या घराच्या खिडक्यांसारखे. तोंड उघडलं. घोरणं आलं. मग हात उडाले, मान वर आली, आणि त्या रिकाम्या खिडक्यांमागे कोणीतरी परत आलं. पहिलंच वाक्य: का सोडलंस गं त्याला?

खुर्चीतल्या आजोबांचा वरचा पाय हळूच खाली आला.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "डॉक्टरीणबाई, मी पायरीवर बसलो होतो. आमच्या जुन्या घराच्या. बुटाची नाडी बांधत होतो. नाडी खूप लांब होती, आणि घाई अजिबात नव्हती. मला वाटलं, उड्डाणाच्या आधी सहज आठवलं असेल. ते... ते तेव्हाचं?"

"तेव्हाचंच."

"पण तिथे मी कितीतरी वेळ होतो."

डॉक्टरीणबाई वर्षानुवर्षं याच खोलीत बसत आलेल्या. त्यांनी आपली खुर्ची आजोबांच्या जवळ ओढली. "मेंदू फार अब्रूदार असतो बघा," त्या म्हणाल्या. "गैरहजर होतो हे कबूल करत नाही. ऐकायचंय का कसं झालं? तुम्ही उंच. तुमचं शरीर म्हणजे दुमजली घर. पंप म्हणजे हृदय तळाशी, टाकी म्हणजे डोकं गच्चीवर. चिमणीचा पंप टाकीच्या शेजारीच. त्यात तुम्हाला कोणी सांगितलं नाही, तुम्ही कुंथला नाहीत. तुमच्या जागी तरणाताठा असता तरी बेशुद्ध झाला असता."

"मग झालं तर."

"झालं कसं? आता घाण्यावर बसावं लागेल. आठ जी अंगावर घेऊन जागे राहिलात, तर विमान तुमचं. नाहीतर," त्या थांबल्या, "टेबल-खुर्ची तुमची."

आजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नुसती धावपट्टी होती आणि तिच्यावर तापलेली हवा हलत होती. "टेबल-खुर्चीत मी खरंच झोपेन," ते म्हणाले.

घाणा म्हणजे गोल दालनात फिरणारा एक अजस्र लोखंडी हात. त्याच्या टोकाला एक कोठी, कोठीत माणूस. तेल काढणाऱ्या घाण्याला बैल जुंपतात, इथे वैमानिक. त्याच आठवड्यात आजोबा कोठीत शिरले. काचेआड डॉक्टरीणबाई, आणि त्यांच्या मागे, न बोलावता आलेली चिमणी.

"सांगून फिरवा हं," आजोबांचा आवाज आला. "हल्ली लोक सांगत नाहीत." चिमणीचे कान लाल झाले.

हात फिरू लागला. आधी संथ, मग दालनाची जमीन गुरगुरू लागली. पडद्यावर आजोबांचा चेहरा, आणि त्याखाली एक हिरवी रेघ: कानशिलाजवळच्या नसेतलं रक्त. दर ठोक्याला एक उंचवटा. चिमणीने आजवर आपल्या अंगावर जी घेतला होता. दुसऱ्याच्या अंगावर उतरताना कधी पाहिला नव्हता.

पाच. गाल ओघळले. सहा. त्या चेहऱ्यावर वीस-पंचवीस वर्षं एकदम येऊन बसली. हे म्हातारपणी कसे दिसतील, ते तिला आत्ताच दिसलं. सात. उंचवटे बुटके झाले. आठ.

रेघ सपाट झाली.

सपाट. नुसती आडवी, हिरवी, शांत. मग आजोबा कुंथले, आणि रेघेच्या पोटातून एक उंचवटा वर आला. विझत्या दिव्याची वात कोणी बोटाने पुढे सारावी, तसा. पुन्हा रेघ खाली. पुन्हा कुंथले, पुन्हा वर. तिकडे एका मुठीएवढा मांसाचा गोळा आठपट जड झालेलं रक्त वीतभर उंच चढवत होता. फक्त वीतभर! पण त्या वितीच्या वरच्या टोकाला घराची पायरी होती, बायकोची थट्टा होती, शिकवलेल्या सगळ्या पोरांचे चेहरे होते. माणसाचं सगळं काही तिथेच होतं. आईच्या पोटात, अजून डोळे फुटले नसताना, कुणी त्या मुठीला सांगितलं होतं, 'चढव.' तेव्हापासून तिने एकदाही विचारलं नाही, 'कुठवर?' देवा, तुझी कारागिरी लोक डोंगरांत आणि ताऱ्यांत शोधतात. इथे ती एका हिरव्या रेघेत धापा टाकत होती.

"अगं, तू का कुंथतेस?" डॉक्टरीणबाईंनी मागे न पाहताच विचारलं.

चिमणीने कोंडलेला श्वास सोडला. तिच्या मांड्या ताठ झाल्या होत्या, मुठी वळलेल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हात मंदावला. रेघेवर उंचवटे परतले, उंच, भरभर, शाळा सुटल्यावर पोरं पळावीत तसे. कोठीतून आवाज आला, "आहे हो मी. इथेच आहे."

"दिसलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. "विमान तुमचं."

बाहेरच्या बाकावर आजोबा झोकांड्या खातच येऊन बसले. हातांवर गोवर उठावा तसे लाल ठिपके आले होते. रक्त त्वचेपर्यंत येऊन, बाहेर पडता न आल्याने तिथेच थांबलेलं. चिमणी पाण्याचा पेला घेऊन उभी राहिली.

"बस. आणि ऐक," ते पाणी पिऊन म्हणाले. "तू पास नाहीस. 'ओढते' म्हणायचं राहिलं."

"हो सर."

"रुसलीस?"

"नाही सर."

"जरा रुस की! एवढी परीक्षा घालवली मी तुझी." मग हळूच, "तू बोलली नसतीस तर ही सीट सुटायची भीतीच नव्हती मला. तसाच उडत राहिलो असतो. एक दिवस पुन्हा नाडी बांधायला बसलो असतो, आणि तेव्हा 'सर, सर' करायला मागे-पुढे कोणी नसतं." त्यांनी पेला बाकावर ठेवला. "सोमवारी पुन्हा उडू."

चिमणीने मान डोलावली.

आजोबांनी डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. डॉक्टर ठेवतात तशी नाही. दमून घरी आलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा, तशी.

"दमलास का रे बाबा?" ते पुटपुटले.

चिमणीने आपलंही मनगट धरलं. तिथे कोणीतरी आतून दार ठोठावत होतं. शांतपणे, न थकता, जसं काही झालंच नाही. दोघंही मोजत नव्हती. नुसती ऐकत बसली होती.