बोर्डावरची रिकामी जागा

आमच्या स्क्वाड्रनच्या हँगरमध्ये प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली आहे. भिंतीवरच्या बोर्डावर पान्याच्या जागी पान्याचा आकार रंगवलाय, पकडीच्या जागी पकडीचा. एक जरी जागा रिकामी दिसली तरी विमान सोडायचं नाही.

हा नियम कशामुळे आला, ते ऐकून ऐकून माझे कान किटलेत. माझ्याआधी बाबाही इथेच मेकॅनिक होते. त्यांच्या तरुणपणी कुणाची तरी पकड कॉकपिटमध्ये राहिली, विमान वळवायचा दांडा अडकला आणि त्यांचा जिवलग मित्र, वैमानिक लंबू, परत आलाच नाही.

आज स्क्वाड्रनचा सुवर्णमहोत्सव. कोपऱ्यात इतिहासाचं प्रदर्शन मांडलेलं, त्यात लंबूकाकांचा फोटो. बाबा पाहुणे म्हणून आलेले. हल्ली त्यांना सकाळचं दुपारी आठवत नाही. आणि वर आकाशात, सलामीच्या उड्डाणात, माझा धाकटा भाऊ गोट्या.

सहज बोर्डाकडे नजर गेली. छोट्या स्क्रू-ड्रायव्हरची जागा रिकामी!

तो मीच नेला होता. गोट्याच्या कॉकपिटमधला स्क्रू आवळायला. मग आणला ना परत? आणला असेल. पण 'असेल'वर भावाचा जीव ठेवायचा? एरवी सगळ्यांवर डाफरणारी मी, आणि आज घाईत बोर्ड न बघता विमान सोडलं ते मीच! अक्कल कुठे चरायला गेली होती माझी?

कमांडरसाहेब पाहुण्यांना काहीतरी समजावत होते. मी सरळ मध्ये घुसले.

"साहेब, विमानं उतरवा. माझं हत्यार सापडत नाहीये."

"आत्ता?" साहेबांचा चेहरा पडला. पण त्यांनी वायरलेस उचलला.

एकेक विमान उतरू लागलं. गोट्याचं काही दिसेना. देवा, माझी नोकरी घे, पण त्याला खाली आण.

शेवटी उतरला एकदाचा. हेल्मेट काढत म्हणाला, "ताई, सगळ्या कार्यक्रमावर पाणी फिरवलंस की गं!"

"गप बस!" मी अर्धी कॉकपिटमध्ये शिरले होते. सीटखाली हात घातला, फटी चाचपल्या. काहीच नाही.

तेवढ्यात बाबा आले आणि त्यांनी कोटाच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. "टेबलावर उघडा टाकला होता कुणीतरी. हत्यार जागेवर नको?"

मी चिडून तोंड उघडलं, तर बाबांनी माझा हात घट्ट धरला. डोळे धावपट्टीकडे. "पोरी, लंबू उतरला का गं?"

जन्मात बाबांना अरेतुरे न केलेला गोट्या पुढे झाला.

"उतरलो की रे! हा काय, तुझ्यासमोर उभा आहे."

बाबांनी त्याच्या पाठीत जोरात धपाटा घातला. "किती उशीर केलास, गाढवा," म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागले.