आमची भाडेकरू नणंद

मला नणंद नाही, ही माझ्या लग्नातली सगळ्यात मोठी जमेची बाजू, असं मी पंचवीस वर्षं ज्याला त्याला सांगत आले. देवदत्त एकुलता एक. सासूबाई टोमणे मारायच्या, पण त्यांना साथ द्यायला कोणी नव्हतं. दिवाळीत नणंदेच्या साडीवरून मैत्रिणी रडायच्या, तेव्हा मी त्यांना चहा करून द्यायचे आणि मनातून सुखावायचे. अशा मला, वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर, ट्रॉय, मिशिगनमध्ये नणंद मिळाली. तीही सरकारमार्फत.

झालं असं की आम्ही मोठ्या घरात राहायला गेलो आणि जुनं घर विकायला काढलं. नेमक्या त्याच सुमारास गाड्यांच्या कंपन्यांनी माणसं कमी करायला सुरुवात केली होती. आमच्या जुन्या गल्लीत प्रत्येक अंगणात ‘फॉर सेल’ची पाटी, आणि घर बघायला कुत्रंही फिरकेना. शेवटी देवदत्त म्हणाला, भाड्याने देऊन टाकू. जाहिरात दिली. दुसऱ्याच दिवशी एका बाईचा फोन आला आणि तिने जपून, एकेक शब्द तोलत इंग्रजीत विचारलं, “डू यू अ‍ॅक्सेप्ट व्हाउचर्स?”

हे व्हाउचर म्हणजे सरकारी मदत. कमाई कमी असलेल्या कुटुंबाच्या भाड्याचा मोठा वाटा हाउसिंगचं ऑफिस थेट मालकाला पाठवतं, उरलेला भाडेकरू देतो. आमच्या मंडळात याबद्दल सगळ्यांचं ठाम मत होतं. “त्या लोकांना घर दिलंस तर भिंतीसुद्धा परत मिळायच्या नाहीत,” असं आम्हाला पार्टीत प्लेटमधली भजी संपेपर्यंत ऐकवलं गेलं होतं. ते लोक म्हणजे कोण, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं आणि सगळ्यांना कळत होतं.

मी फोनवर इंग्रजीतच म्हटलं, नवऱ्याला विचारून सांगते, तुमचं नाव काय?

“शरयू फणसे.”

“फणसे?” माझा उच्चार अगदी मराठी निघाला. मग ती हळूच म्हणाली, “तुम्ही मराठी आहात का हो?”

खरं सांगते, मला आनंद झाला नाही, राग आला. आपल्यातली बाई, आणि घरासाठी सरकारपुढे हात पसरते? तिची हकीकत कळल्यावर राग दुसऱ्यावर गेला. नवऱ्याला टेक्ससमध्ये अर्विंगला नोकरी लागली, “मी पुढे जातो, घर बघतो, मग तुम्हाला बोलावतो,” म्हणून तो गेला. घर त्याने बघितलं, त्यात दुसरीला आणलं, आणि हिला पाठवले ते घटस्फोटाचे कागद. पोरगी तेव्हा चार वर्षांची. शरयू दिवसभर इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर उभी राहायची आणि एका मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये राहायची. कित्येक वर्षं यादीत थांबल्यावर हे व्हाउचर मिळालं होतं, आणि ठरलेल्या मुदतीत घर मिळालं नाही तर ते हातचं जाणार होतं. व्हाउचर म्हटलं की मालक फोन ठेवून देत होते.

“सरकारकडे तिने काय मागितलं ते सरकार बघेल,” देवदत्त म्हणाला. “आपल्याकडे ती घर मागतेय. द्यायचंय की नाही, तेवढं सांग.”

हा माणूस दिवसातून चार वाक्यं बोलतो, आणि त्यातलं एक असं असतं. दिलं घर.

भिंती जागच्या जागी राहिल्या. उलट मला कधी जमली नाही अशी टोमॅटोची रोपं तिने मागच्या अंगणात वाढवली. मी तिला शोभनाताई होते आणि देवदत्त दादा. महिन्यातून दोनदा तरी काही ना काही निघायचं, नळ गळायचा, खिडकी अडकायची, आणि हा हत्यारांची पेटी घेऊन निघायचा. येताना डब्यात थालीपीठ. आरोहीला, तिच्या पोरीला, त्याने सायकल शिकवली. आमच्या मुलाला, ईशानला, शिकवायला याला वेळ नव्हता, ते मी ऐकवलं. तो म्हणाला, तेव्हा नोकरी नवीन होती.

वर्ष झालं आणि इन्स्पेक्शनची तारीख आली. व्हाउचरच्या घराची दरवर्षी सरकारी तपासणी होते, धुराचा अलार्म वाजतो का, खिडक्या उघडतात का, वगैरे. ती तारीख नेमकी भाऊबीजेची निघाली. मालकाने हजर राहावं म्हणून आम्ही दोघंही गेलो, तर शरयूने दिवाणखान्यात रांगोळी काढलेली. पाट नव्हता म्हणून सोफ्याची उशी मांडलेली, समोर ताट, निरांजन, सुपारी, सगळं.

“दादा, बसा. इन्स्पेक्टर यायला अजून वेळ आहे.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “वहिनी, चालेल ना?”

एका शब्दात माझी ताईची वहिनी झाली. मी मनात म्हटलं, घ्या! आता साडी आणा, रंग चुकवा, टोमणे खा. पण देवदत्तचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. त्याने खिशातून रुमाल काढून डोक्यावर ठेवला आणि शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखा त्या उशीवर ताठ बसला. एवढ्या वर्षांत मी त्याला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला भरून आलं, उगाच का नाकारू?

तिने गंध लावलं, ओवाळायला ताट उचललं, आणि दारावरची बेल वाजली. आरोहीने पळत जाऊन दार उघडलं. इन्स्पेक्टर मिसेस हॉकिन्स अर्धा तास लवकर आल्या होत्या. बाई भल्या. हसून म्हणाल्या, चालू द्या, मी थांबते. किती सुंदर दिवा आहे, हे काय आहे?

आरोहीला कोणी विचारण्याचीच खोटी. “इट्स भाऊबीज! सिस्टर्स डू इट फॉर देअर ब्रदर्स. ही इज माय मामा.”

“युअर मामा?” मिसेस हॉकिन्स गोंधळल्या.

“नो, नो! मामा मीन्स मॉम्स ब्रदर.”

मिसेस हॉकिन्सचं पेन थांबलं. त्यांनी देवदत्तकडे पाहिलं, शरयूकडे पाहिलं, गंध पाहिलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या की घरमालक भाडेकरूचा भाऊ असेल तर हे घर व्हाउचरवर चालणार नाही, तसा नियमच आहे, आईबाप, मुलं, आजीआजोबा, भाऊबहीण कोणीच चालत नाही. “मला हे लिहावं लागेल, हनी,” त्या शरयूला म्हणाल्या. अलार्म पास झाला, खिडक्या पास झाल्या. नातं नापास झालं.

पुढच्या आठवड्यात हाउसिंगच्या ऑफिसातून बोलावणं आलं. देवदत्त खरंच भाऊ ठरला तर आमचा करार रद्द आणि शरयूला पुन्हा मुदतीत नवं घर शोधायचं. ते मिळालं नाही तर व्हाउचर जाणार, म्हणजे परत कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये, पोरीची शाळा अर्धवट. मी गाडीत देवदत्तला पढवलं. “यात खोटं काही नाहीये. तू तिचा भाऊ नाहीस. नो म्हणायचं, सही करायची, घरी यायचं.”

तो “हं” म्हणाला. त्याच्या “हं”वर मी विश्वास ठेवायला नको होता.

टेबलापलीकडच्या तरुण ऑफिसरने कागद पुढे सरकवला आणि विचारलं, “सर, इज धिस लेडी युअर सिस्टर?”

आमच्या घरातला हा मुखदुर्बळ माणूस कागदाकडे बघत बसला. मी टेबलाखालून पाय मारला. ऑफिसरने पुन्हा विचारलं. मला त्याच्या मनातलं सगळं दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी याला भाऊ म्हणून ओवाळायला बसवलं, आणि आठ दिवसांत याने तोंडाने सांगायचं की ती माझी कोणी नाही. यार देवदत्त, बोल ना, मी मनात ओरडत होते, तिच्या डोक्यावरचं छप्पर जाईल! आणि त्याच वेळी, तो बोलत नव्हता म्हणून मला त्याचा अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम वाटतं माणसाला.

शेवटी शरयू बोलली. “ही इज नॉट माय ब्रदर,” ती म्हणाली. “ही इज जस्ट द ओनर. आय हॅव नो ब्रदर.” आवाज जरासुद्धा हलला नाही. मग देवदत्तने सही केली.

बाहेर पार्किंगमध्ये तिघंही खरं बोलून आलो होतो आणि तिघांचीही तोंडं खोटं बोलून आल्यासारखी झाली होती. “निघते मी, ताई,” ती म्हणाली. ताई! वहिनीची पुन्हा ताई. देवदत्तला तिने नमस्कार केला, पण हाक कशी मारावी ते तिला सुचलं नाही.

त्यानंतर ती खरोखरच भाडेकरू झाली. चूक तिची नव्हती. एका सहीवर वाचलेलं घर एका हाकेने जाईल, ही भीती तिच्या मनात बसली होती. पाकिटावर ‘मिस्टर चौबळ, ओनर’ असं लिहून चेक यायचा. नळ गळणं बंद झालं, म्हणजे गळत असेल, पण आम्हाला कळवेना. आरोही दुकानात भेटली तर “हॅलो, मिस्टर चौबळ” म्हणायची, पाठ केल्यासारखं. मी एकदा लाडू घेऊन गेले तर शरयू दारातच उभी राहिली. “नको ताई. उगाच कोणी बघितलं तर.” मी भडकून परत आले. कोण बघणार? लाडवावर काय नातं लिहिलेलं असतं? पण गाडीत बसले आणि रडू आलं. मला नणंद नको होती, आणि आता ती गेली म्हणून मी ट्रॉयच्या रस्त्यावर रडत ड्राइव्ह करत होते.

देवदत्त दर शनिवारी पेटी उघडायचा, पाने-पक्कड पुसायचा आणि परत ठेवायचा.

पुढच्या वर्षी भाऊबीज रविवारी आली. आमच्या घरी कोणी तो विषय काढला नाही. संध्याकाळी फोन वाजला. “मिस्टर चौबळ आहेत का? फर्नेस बंद पडलाय. घर गार पडलंय, आरोहीला खोकला आहे, नाहीतर मी उद्यापर्यंत थांबले असते.” देवदत्तने पेटी उचलली. मीही निघाले, बोलावलं नव्हतं तरी.

तो सरळ बेसमेंटमध्ये गेला. आरोही कोट घालून सोफ्यावर बसली होती. शरयू कुठे दिसेना. स्वयंपाकघराचं मागचं दार लोटलेलं होतं, ते ढकललं तर ती पायरीवर उभी. हातात ताट, ताटात निरांजन, आणि वाऱ्यापासून पदराने, म्हणजे शालीने, ज्योत झाकून ती आकाशाकडे बघत होती. मला बघून दचकली.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“काही नाही, ताई. लहानपणी चंद्राला ओवाळायचे. भाऊ नसला की ओवाळतात ना.” ती ओशाळून हसली. “पण ढग आहेत. थांबते थोडी, दिसेल.”

मी वर बघितलं. मिशिगनचा नोव्हेंबर. चंद्र काय, आकाशच दिसत नव्हतं. ती वर्षभर कोणाला काही न सांगता जगली होती आणि आता या थंडीत ढग हलायची वाट बघत उभी होती. माझं डोकंच फिरलं.

“देवदत्त!” मी जिन्यावरून ओरडले. “वर ये!”

“फर्नेसची पायलट ज्योत पेटत नाहीये अजून...”

“राहू दे ती. वर ये आधी.”

तो आला, हात काळे, कपाळावर काजळी. मी त्याला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं आणि तिच्यासमोर उभा केला. “चंद्र दिसत नाहीये. तू थांब इथे.”

शरयू एक पायरी मागे सरकली. “वहिनी, नको... कोणी बघितलं, कोणी विचारलं तर?”

“तर सांग, मालक आहे, फर्नेस दुरुस्त करायला आलाय. यात काय खोटं आहे?”

तिने निरांजन वर उचललं, पण ओवाळेना. मागच्या दारात आरोही येऊन उभी राहिली होती. तिने आईकडे पाहिलं, मग देवदत्तकडे, आणि अगदी हळू, नियम विचारावा तसं विचारलं, “आई, इज ही मामा टुडे?”

देवदत्तने खिशातून रुमाल काढला, काजळीच्या बोटांनीच डोक्यावर ठेवला आणि पोरीकडे वळून म्हणाला, “आज रविवार आहे. ऑफिस बंद आहे. आज मामा.”