उरलेले औषध

बाळाने सकाळपासून तिसरे दुपटे खराब केले, तेव्हा आत्याबाईंनी फळीवरची औषधाची अर्धी बाटली काढली. सून कारखान्यात सदऱ्यांना काजे करायला निघाली होती.

"डॉक्टरांना विचारूया का?" ती चाचरत म्हणाली.

"मग दवाखान्यात तीस वर्षं मी काय माश्या मारल्या? तुझा नवरा कोणाच्या हातचं पिऊन एवढा घोडा झाला?"

सुनेच्या नवऱ्याला, आपल्या आईवेगळ्या भाच्याला, आत्याबाईंनीच वाढवले. घरात त्यांच्यापुढे कोणी ब्र काढत नसे. दवाखान्यात आया असताना पाहिलेली विद्या त्या आळीला फुकट वाटत. कोणाच्याही मुलाला जुलाब झाले की दोन चमचे. जरा बांधून झाले की बंद, उरलेले पुढच्या मुलाला. लोक कौतुकाने त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. सात महिन्यांच्या बाळाची ही पाचवी खेप.

या खेपेला बांधून झाले नाही. तिसऱ्या दिवशी दुपट्यावर रक्त दिसले, डोळे खोल गेले, तेव्हा कुठे इस्पितळ.

दोन दिवसांनी डॉक्टरणीने शौचाच्या तपासणीचा कागद पुढे धरला. "आठांपैकी सहा औषधांना हे जंतू दाद देत नाहीत. साध्या जुलाबाला जंतू मारायचं औषध लागतच नाही. अर्धवट पाजत राहिलं की जंतू सरावतात. घरी काही दिलं होतं?"

"छे, काही नाही," नवरा पटकन म्हणाला.

खरे बोलावे तर घर उलटते, न बोलावे तर बाळ हातचे जाते. "दिलं होतं," सून म्हणाली. "पाचदा."

औषध बदलले, पण उशीर झाला होता. बाळ गेले. "आयुष्याची दोरीच तेवढी," आत्याबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. घरचे चव्हाट्यावर मांडले म्हणून नवऱ्याने तिच्याशी अबोला धरला.

महिन्याने शेजारीण तान्ह्याला घेऊन दारात आली. "डॉक्टरीणबाई, दोन चमचे द्या ना."

आत्याबाई उठल्या. सून दारात आडवी आली. "औषध नको. मीठ-साखरेचं पाणी पाजत चल, मी येते इस्पितळात."

"बाजूला हो!" नवरा महिन्यानंतर प्रथमच बोलला. "गेलीस तर या घरात परत पाऊल ठेवायचं नाही."

शेजारीण गोंधळली. "अगं, पण तुझ्या बाळाला तर देवानं नेलं ना?"

"देवाला कशाला मध्ये घेतेस?" सुनेने तान्ह्याला आपल्या खांद्यावर घेतले. "चमचा आत्याबाईंचा होता. आणि ते तोंड फिरवत होतं, म्हणून डोकं मी धरलं होतं."