वी म्हणजे आम्ही की आपण

"घर भाड्यानं देतायत की मला नोकरीला ठेवतायत, तेच कळत नाही," नेत्रा कणकेला सांगत होती.

कणीक गप्प राहिली. ऐकलं ते मी. आमच्या घरात ओट्याजवळून हात लांब केला की पोळी थेट माझ्या शिलाई मशीनवर येते, तिथं पुटपुटण्याची सोय नाही.

नेत्रा माझी सून. लग्नाला वर्ष होतंय. मुलगा समर्थ अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. आम्ही तिघं उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर, एवढ्यात राहतो. मध्ये पडदा आहे, पडद्यावर मोर आहेत. नव्या जोडप्याला मोरांच्या भरवशावर किती दिवस ठेवायचं, म्हणून घर शोधायला घेतलं आणि चिखलोलीला सापडलंसुद्धा. नवी बिल्डिंग, दोन बेडरूम, गॅलरी, गॅलरीतून मलंगगडाचा डोंगर. भाडं समर्थला झेपेल असं.

भानगड एकच होती. मालकीणबाई.

त्या मिसेस कुरियन, रिटायर झालेल्या शिक्षिका, राहायला केरळात. मुलानं इथं फ्लॅट घेतला आणि तो गेला जहाजावर. भाडेकरू निवडायचं काम आईच्या गळ्यात. हिंदी येत नाही, मराठीचा प्रश्नच नाही. शिवाय बाईंचं म्हणणं असं, की घर बाईमाणूस चालवतं, तर मी बोलणार बाईमाणसाशी. व्हिडिओ कॉलवर. इंग्रजीत.

"आधीची पार्टी त्यातच उडाली," एजंट राजू सांगत होता. "त्या ताईंनी सगळ्याला येस म्हटलं. कुत्रा आहे का, येस. शेजाऱ्यांशी भांडता का, येस."

नेत्रा बी.कॉम. झालेली, पण मराठी शाळेतली. लिहायला दिलं तर पानभर लिहील, बोलायचं म्हटलं की घशात काटा अडकल्यासारखी उभी राहते. रविवारी कॉल होता. मी म्हटलं, "मग रोज प्रॅक्टिस करू. मी मालकीणबाई होते."

"तुम्ही?" ती म्हणाली आणि लगेच कणकेकडे वळली. तिचं चूक नव्हतं. माझं शिक्षण सातवी. पण जीन्सच्या कारखान्यातून पँटींचे गठ्ठे माझ्याकडे येतात, आतली लेबलं शिवायला, आणि इतकी वर्षं जे शिवलं ते मी वाचलंही. समर्थच्या शाळेच्या डिक्शनरीत एकेक शब्द शोधला. वॉश सेपरेटली. डू नॉट ब्लीच. वॉर्म आयर्न. तेव्हा इंग्रजी मला येतं, फक्त ते सगळं धुण्याचं आहे आणि हुकूम सोडल्यासारखं आहे. मालकीणबाई व्हायला तेवढं पुष्कळ होतं.

बाकीचं आम्ही मोबाईलवरच्या व्हिडिओतून घेतलं. त्यात एक पुरुष आणि एक बाई घर भाड्यानं घेतात आणि तासन् तास एकमेकांना विचारतात, सोफा कुठं ठेवू या, ब्रेड कुठं ठेवू या. त्यांच्या घरात टोस्टर होता, कार्पेट होतं, मांजरसुद्धा होतं. सासू नव्हती.

दुपारी जेवणं झाली की मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्यायची आणि मशीनमागे बसायची. नेत्रा समोर स्टुलावर.

"डू यू कुक फिश?"

"येस मॅडम. वी कुक फिश डेली. नॉट मंडे."

"डू यू कीप हाऊस क्लीन?"

"येस. आय क्लीन, ॲन्ड माय मदर-इन-लॉ टेल्स व्हेअर इट इज नॉट क्लीन."

"हे काय शिकवलं कुणी?"

"मीच केलं," ती म्हणाली. घशातला काटा निघाला होता. दोन दिवसांत पोरगी इतकी बदलली की भाजीवाल्याला हाऊ मच म्हणाली आणि त्यानं आपणहून कोथिंबीर जास्त दिली. मलाही चढली होती. लेबल लावता लावता मी सुई-दोऱ्याशी इंग्रजीत बोलत होते. धागा तुटला तर डू नॉट ब्रेक म्हणत होते.

"आता तू विचार," मी म्हटलं. "घर घेणारीनं पण विचारायचं असतं. लाइट जाते का ते विचार."

"लाइट जाते का, हे कसं विचारायचं?"

दोघी विचारात पडलो. शेवटी 'डझ द लाइट गो' ठरलं.

मग मी विचारलं, "व्हाय यू वॉन्ट टू बेडरूम?"

"बिकॉज वी..." नेत्रा थांबली. "वी नीड स्पेस."

"वी म्हणजे आम्ही की आपण?"

मी सहज विचारलं होतं. खरंच शंका होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या मोरांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आई, इंग्रजीत दोन्हीला एकच असतं."

"सोय आहे की मग," मी म्हटलं.

आणि दोघी हसलो, पण त्या हसण्याला जरा उशीर झाला होता.

कारण आमच्या घरात ही गोष्ट कुणी बोलतच नव्हतं. नव्या घरी कोण जाणार? दोघं की तिघं? समर्थ म्हणायचा, "तिकडं हवा मस्त आहे." नेत्रा म्हणायची, "तिकडं पाणी चोवीस तास आहे." मी म्हणायची, "पडदे कुठल्या रंगाचे घेऊ या?" पडद्यांवर आम्ही इतकं बोललो की तेवढ्यात सगळ्या बिल्डिंगचे शिवून झाले असते.

शेजारच्या बनूबाईनं तर ठरवूनच टाकलं होतं. "नशीब काढलंस गो विनिता. पोरगा संगती नेतो. आता गॅलरीत बस नि डोंगर बघ."

मला डोंगर बघायचा नव्हता. मला यायचंच नव्हतं.

रागावून नाही हां. मुलगा चांगला आहे, सून गोड आहे. पण मी लग्न होऊन या खोलीत आले तेव्हा सासू-सासरे होते, दीर होता. ते गेले, तोवर समर्थ झाला होता. समर्थचे वडील, जयदेव, गेले, तेव्हा समर्थ होता. मग नेत्रा आली. या खोलीत मी एकटी कधी, तर कुणी दूध आणायला गेलं की तेवढीच. आणि आता मला रोज दिसत होतं, मशीन खिडकीखाली, जिथं आता पलंग आहे. रेडिओ मोठ्यानं. रात्री नुसता भात आणि सुकटीची चटणी, ताट न घेता, पातेल्यातूनच. दुपारी बायका लेबलं लावायला माझ्याकडे येतील, वाटलं तर इंग्रजीही शिकवीन. लग्नाआधी मुलींना धडधडतं म्हणतात, तशी मला धडधड होत होती. या वयात, आणि तीही एकटं राहण्यासाठी. कुणाला सांगणार?

सांगितलं असतं तर गल्ली काय म्हणाली असती तेही माहीत होतं. सुनेनं वर्षाच्या आत सासूला बाजूला काढलं. नेत्रा बोलली तर ती वाईट, समर्थ बोलला तर तो बायकोच्या मुठीतला. आणि मी बोलले तर दोघांना वाटणार, आई रुसून बोलतेय. म्हणून पडदे.

शनिवारी घर बघायला गेलो. शेअर रिक्षानं अंबरनाथ, तिथून दुसरी रिक्षा चिखलोलीला. राजू किल्ली फिरवत पुढे. दार उघडलं आणि नेत्रा चपला काढून सरळ गॅलरीत पळाली, समर्थ तिच्या मागे. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर हात फिरवला. ओटा इतका लांब होता की पोळी फेकावी लागली असती.

मग आम्ही दुसऱ्या बेडरूमच्या दारात आलो. रिकामी, पांढरी खोली. समर्थ म्हणाला, "ही..." आणि थांबला.

नेत्रा म्हणाली, "ही हवेशीर आहे."

मी म्हणाले, "खिडकीला जाळी आहे."

"ही आईंची ना," राजू म्हणाला. "देवघर या कोपऱ्यात बसेल बघा, पूर्व आहे."

एकदम आम्हा तिघांना नळ बघायचे आठवले. बाथरूमचा नळ सोडला, बंद केला, बेसिनचा सोडला, बंद केला. राजू बिचारा एकटाच पूर्वेकडे हात करून उभा. परत निघताना मी मागे वळून पाहिलं, तर नेत्रा त्या खोलीत एकटी उभी होती आणि पावलांनी भिंत मोजत होती. काही मांडून बघतेय असं तोंड. मला पाहिल्यावर तिनं पाय जवळ घेतले.

रविवारी सकाळी मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. मागे मोरांचा पडदा नीट ओढला. नेत्रा पिवळी साडी नेसली होती. समर्थला कॅमेऱ्याबाहेर दाराजवळ उभा केला, मी मशीनपाशी. राजूनं निरोप दिला होता, की मॅडम आत्ता चर्चमधून येतील, मूड चांगला असतो.

मोबाईलवर आधी एक छत दिसलं, मग केळीचं झाड, मग मिसेस कुरियन. पांढरे केस घट्ट विंचरलेले, डोळे एकदम तपासणीचे.

"गुड मॉर्निंग. यू आर नेत्रा?"

"गुड मॉर्निंग मॅडम. येस. आय ॲम नेत्रा. थँक यू फॉर युवर टाइम."

मी मशीनमागे मुठी आवळल्या. पाठ केलेलं होतं, पण बोलली कशी, जसं काही आत्ताच सुचलं.

"डू यू कुक नॉनव्हेज?"

"येस मॅडम. फिश डेली. नॉट मंडे."

"फिश," बाई पुढे वाकल्या. "विच फिश?"

हे आमच्या प्रॅक्टिसमध्ये नव्हतं. नेत्रा म्हणाली, "बोंबील."

"व्हॉट इज दॅट?"

नेत्रानं क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, उठली, फळीवरचा सुक्या बोंबलांचा डबा काढला आणि एक बोंबील कॅमेऱ्यासमोर धरला. "धिस, मॅडम. बट धिस इज ड्राय. फ्रेश वन इज फॅट."

मिसेस कुरियन इतक्या हसल्या की त्यांचं छत परत दिसलं. मग त्या त्यांच्याकडच्या माशांचं सांगत बसल्या, नारळ घालतात की नाही, चिंच कुठली. नेत्रा कोकमाचं सांगत होती, कोकम शब्द आला नाही तेव्हा तेही काढून दाखवलं. अर्धं स्वयंपाकघर कॅमेऱ्यासमोरून गेलं. समर्थ दाराजवळ तोंडावर हात धरून उभा. मला उठून नाचावंसं वाटत होतं.

"नाऊ यू आस्क मी," बाई म्हणाल्या.

"मॅडम, डझ द लाइट गो?"

"गो व्हेअर?"

 नेत्रानं वर पंख्याकडे बोट केलं आणि हात पसरून सगळं बंद झाल्याचं दाखवलं.

"ओह, करंट," बाई म्हणाल्या. "करंट गोज हिअर ऑल्सो." आणि समाधानानं त्यांनी मान हलवली, जशा शाळेत गणित सुटल्यावर बाई हलवतात. आम्हाला वाटलं, झालं. समर्थनं मला अंगठा दाखवला.

"गुड. लास्ट क्वेश्चन," त्या म्हणाल्या. "हाऊ मेनी पीपल विल लिव्ह इन द हाऊस?"

नेत्रा म्हणाली, "वी..."

"येस, वी. हाऊ मेनी?"

"वी आर फॅमिली, मॅडम."

"माय डिअर, आय नीड अ नंबर."

नेत्रानं समर्थकडे पाहिलं. समर्थनं पंख्याकडे पाहिलं, जणू लाइट जाईल तर बरं. बोंबील अजून तिच्या हातातच होता. तिचे डोळे भरले होते, आणि एक गोष्ट मला कळली, की ही पोरगी आता 'थ्री' म्हणणार. माझ्यासाठी म्हणणार, आणि ती पांढरी खोली मनातून पुसून टाकणार.

मी उठले, चष्मा सरळ केला आणि तिच्या शेजारी जाऊन कॅमेऱ्यात घुसले.

"गुड मॉर्निंग मॅडम. आय ॲम मदर-इन-लॉ."

"आह. गुड मॉर्निंग."

"टू पीपल," मी म्हणाले. "ओन्ली टू. आय ॲम नॉट कमिंग."

"आई," समर्थ दारातून म्हणाला.

"नो फाइट, मॅडम. गुड डॉटर. गुड सन." पुढचे शब्द मला सापडेनात. मग हाताला सवयीचे लागले. "न्यू कपल. न्यू जीन्स. फर्स्ट टाइम, वॉश सेपरेटली."

मिसेस कुरियननी डोळे बारीक केले. मग हळूच हसल्या आणि म्हणाल्या, "अँड यू? यू विल बी ऑल राइट?"

"व्हेरी ऑल राइट. आय वॉन्ट."

नेत्रा माझ्याकडे बघत होती. समर्थ कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून अजून दारातच, पण चेहरा पार उतरलेला. त्याला वाटलं, आईचं इंग्रजी चुकलं. किंवा वाटलं, चुकलं असलं तर बरं.

"आई," तो म्हणाला, "मराठीत सांग. नीट सांग."

इंग्रजीत किती सोपं होतं. मी पदर सारखा केला. नेत्राच्या हातातला बोंबील काढून डब्यात ठेवला. आणि सांगितलं.

"मला यायचं नाहीये रे. मला एकटीला राहायचंय."